समोरच्या मामींचं मराठी

चेन्नईतली सर्वांत आवडती गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं असतं तर सिद्धार्थ पोंक्षेने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं असतं की इथे मराठी कुणाला कळत नाही. हे त्याने एकदा सांगलीच्या मित्राला फोनवर सांगितलंही होतं. 'घरात कितीही मोठ्याने बोल, शेजाऱ्यांना वाटतं आरती चाललीय,' असं म्हणून तो हसला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या विजयालक्ष्मी मामींनी ते भेंडी चिरता चिरता ऐकलं. ऐकलं आणि समजलंही, कारण मामींची मातृभाषा मराठी होती.

मामी तंजावरकडच्या. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांच्या मागोमाग तिकडे गेले आणि परत यायचं राहून गेलं. कांजीवरम नेसणाऱ्या, केसात मोगरा माळणाऱ्या आणि वाण्याशी अस्सल तमिळमध्ये भांडणाऱ्या या बाई घराचं दार लावलं की नवऱ्याशी मराठी बोलतात, हे इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि मामींनी सांगितलं नव्हतं.

न सांगण्याला कारण होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी मामी एका लग्नासाठी पुण्याला गेल्या होत्या. पंगतीत त्यांनी वाढणाऱ्या मुलीला आपल्या पद्धतीने 'मज थोडका भात घाल की' असं सांगितलं, आणि अख्खी पंगत जेवायची थांबली. एका बाईने तर 'परत म्हणा ना' असा आग्रह करून आतल्या खोलीतून बहिणीला ऐकायला बोलावलं. मामींनी परत म्हटलं, भात खाल्ला आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातला माणूस समोर आला की इंग्रजी बोलायचं ठरवून टाकलं. पुढे त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, भल्याभल्या संस्थाचालकांना त्यांनी ताळ्यावर आणलं, पण मराठी माणसासमोर मराठी बोलायची त्यांची छाती झाली नाही.

तरीही दोन वर्षांपूर्वी समोरच्या दारावर देवनागरीत 'पोंक्षे' अशी पाटी लागली तेव्हा मामींना आतून उमाळा आला होता. ठेवणीतली साडी नेसून, मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा डबा घेऊन त्या भेटायला गेल्या. 'अम्हीहि मराठी' हे वाक्य दारापर्यंतच्या चार पावलांत दोनदा घोकलंही होतं. दार सिद्धार्थने उघडलं. त्याने लवून नमस्कार केला, इंग्रजीत स्वागत केलं आणि तेच हसू तोंडावर ठेवून मागे उभ्या असलेल्या बायकोला मराठीत म्हणाला की ही मद्राशी म्हातारी खडूस दिसते, पण जरा गोड हस, किल्ली ठेवायला उपयोगी पडेल.

आता यावर 'अम्हीहि मराठी' असं कसं म्हणणार? माणूस ओशाळला असता. मामींनी डबा दिला आणि घरी आल्या. पुढची दोन वर्षं सौजन्यापायी त्यांनी मद्राशी म्हातारी होऊन काढली.

सिद्धार्थ शहराबाहेर ओरगडमच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. जरासाही दोष असलेला भाग त्याच्या नजरेतून सुटत नसे, असं म्हणत. इमारतीत तो फारच लोकप्रिय. पाण्याची मोटर बिघडली की तो दुरुस्त करायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर आणून द्यायचा, सोसायटीचे सेक्रेटरी शेषाद्री यांना वाढदिवसाला न चुकता फोन करायचा. रविवारी मराठी मंडळाच्या बालसंस्कार वर्गात तो परमुलखात वाढणाऱ्या मुलांची भाषा शुद्ध कशी ठेवावी यावर बोलत असे. मंडळाचे अध्यक्ष माधवराव त्याला 'आपला हिरा' म्हणत.

हिरा घरी मुलीची भाषा शुद्ध कशी ठेवतो, ते मामींना स्वयंपाकघराच्या डक्टमधून ऐकू येई. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या एकाच डक्टमध्ये उघडत होत्या.

त्याची मुलगी रेवा सात वर्षांची. शाळेत सगळं तमिळ, त्यामुळे घरी पाण्याला 'तण्णी' म्हणायची आणि बापाला मैत्रिणींसारखं 'अप्पा'. असा एकेक तमिळ शब्द सापडला की पट्टी निघायची. बरोबर शब्द म्हणायचा, पट्टी खायची, पुन्हा म्हणायचा. मध्ये पडली की सावनीची, म्हणजे त्याच्या बायकोची पाळी. तिच्यासाठी भाषेची चूकही लागत नसे. भात मऊ झाला, फोन उशिरा उचलला, माहेरी काय सांगितलंस, एवढं पुरे व्हायचं. चेन्नईत मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालणारी बाई एक तर नवखी असते किंवा काही तरी झाकत असते. सावनी आता नवखी राहिली नव्हती.

सुरुवातीला मामींनी स्वतःची अशी समजूत घातली की आपलं मराठी जुनं, त्याचं नवं, आपल्याला नीट कळत नसेल. एखादी गोष्ट समजून घ्यायची नसली की भाषेचं हे अंतर फार सोयीचं पडतं. पण पट्टीच्या आवाजाला ना जुनं मराठी असतं ना नवं.

त्यांनी यजमानांना सांगितलं. राघोत्तमराव म्हणाले की दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलणार, आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. संध्याकाळी समोर आवाज सुरू झाले की ते यंत्र टेबलावरच असे. शेषाद्रींना सांगून पाहिलं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ओले कपडे, कुत्री आणि दारातल्या चपला या विषयांवर कडक सूचना काढलेल्या होत्या, पण हा विषय नियमावलीत बसत नव्हता. शिवाय मोटर कोण दुरुस्त करणार?

रेवा या काळात एक वेगळीच गोष्ट करू लागली होती. ती मराठी बोलायचीच बंद झाली. जिन्यात मामी भेटल्या की 'पाट्टी, पाट्टी', म्हणजे आजी, आजी, करत तमिळमध्ये अखंड बडबड. आणि घराचं दार उघडलं की तोंड बंद. चुकीचा शब्द निघू नये म्हणून तिने शब्दच काढायचे थांबवले होते. बापाच्या मते हा संस्कारांचा परिणाम होता. मुलगी किती शांत झाली, असं तो मंडळात सांगायचा.

त्या दिवशी दुपारी मामी भाजी घेऊन वर येत होत्या, तर रेवा जिन्याच्या पायरीवर बसलेली. उजवं मनगट मांडीवर ठेवलेलं, आणि ते वांग्यासारखं सुजलेलं. मामींनी काय झालं विचारलं. पडले, म्हणाली. कुठे? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ते अप्पाने सांगितलं नाही.

मामींनी भाजीची पिशवी तिथेच ठेवली.

समोरचं दार सावनीने उघडलं. तिची एक बाजू भिंतीला टेकलेली होती. रेवा बाथरूममध्ये पडली, असं ती इंग्रजीत सांगू लागली. सिद्धार्थ सकाळी कामावर जाण्यापूर्वी बहुधा काय सांगायचं ते दोघींकडून घोकून घेऊन गेला होता, पण रेवापर्यंत बाथरूम पोचलं नव्हतं. मामींनी तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग चाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं.

"पडिली नाहीं ती. मज अस्कें ऐकूं येतें, सावनी. दोन वरुषें ऐकतें आहें."

सावनीचा चेहरा असा झाला, जणू भिंतच बोलली. मामी वाट बघत होत्या. आता ही हसणार, परत म्हणा म्हणणार. सावनी हसली नाही. ती चपलांच्या स्टँडवर बसली आणि हळूच म्हणाली, "अस्कें म्हणजे?"

"सगळें, बाळा. सगळें."

त्यानंतर मामींनी सावनीला घड्याळ न बघता रडू दिलं. ती इतकंच म्हणत होती की इथे मला कुणी ऐकत नाही असं वाटायचं. सासूला फोन केला तर ती म्हणे, जरा सांभाळून घे. आईला सांगितलं तर तीही तेच. सकाळी रेवा झोपेत 'तण्णी' म्हणाली होती. झोपेत. त्याने तिला उठवून हात पिरगळला.

मामींनी रिक्षा बोलावली. इस्पितळात एक्स-रे झाला, मनगटाचं हाड मोडलेलं निघालं आणि प्लास्टर चढलं. डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे, आईच्या बाह्यांकडे आणि मग मामींकडे पाहून एकच प्रश्न विचारला. मामींनी एकच उत्तर दिलं. असं काही दिसलं की पोलिसांना कळवावंच लागतं, असं बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कळवलं. संध्याकाळच्या आत त्या तिघी महिला पोलीस ठाण्यात बसलेल्या होत्या.

इन्स्पेक्टर श्रीरंजनी या तरुण, थकलेल्या आणि चहाच्या तिसऱ्या पेल्यावर असलेल्या बाई होत्या. त्यांना तमिळ उत्तम येई आणि इंग्रजी कामापुरतं. सावनीला तमिळ येत नव्हतं, आणि तिचं इंग्रजी ठाण्याची पायरी चढतानाच कुठे तरी सांडलं होतं. ती तोंड उघडे आणि मराठी येई. मामी मदतीला सरसावणार, एवढ्यात सिद्धार्थ आत आला. इस्पितळातून त्याला फोन गेला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बरोबर माधवराव.

त्याने आधी मामींचे आभार मानले. मुलीला इतक्या तत्परतेने इस्पितळात नेलंत, आंटी, तुमचे उपकार विसरणार नाही, असं म्हणाला. मग इन्स्पेक्टरबाईंना बऱ्या तमिळमध्ये सांगितलं की माझ्या पत्नीला भाषेची अडचण आहे, तुमची हरकत नसेल तर ती काय म्हणते ते मी सांगतो.

दिवसभराच्या थकव्यात बाईंना ही सोय वाटली. त्यांनी विचारलं, हात कसा मोडला?

सावनी खाली बघत मराठीत म्हणाली, "यांनी पिरगळला. सकाळी. मी सोडवायला गेले तर मला दारावर ढकललं."

सिद्धार्थने मान डोलवली आणि तमिळमध्ये भाषांतर केलं, "ती म्हणते, मुलगी बाथरूममध्ये घसरली. घाबरून गेल्यामुळे तिचा गैरसमज झाला."

माधवरावांनी हे दोन्ही ऐकलं. मराठी त्यांना येत होतंच, आणि चेन्नईत तीस वर्षं काढल्यामुळे तमिळही येत होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ स्वच्छ होत होता.

मामी अजून बसूनच होत्या. एक तर मुख्याध्यापिकेची सवय, की खोटं बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, पूर्ण बोलू द्यायचं. आणि दुसरं, खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. सावनी एकटी होती तेव्हा गोष्ट वेगळी. इथे समोर दोन पुरुष बसलेले, त्यातला एक तर दर रविवारी शुद्ध भाषा शिकवणारा. तोंड उघडलं की पुण्याची ती पंगत पुन्हा बसणार. पण आता आपण गप्प बसलो तर ही दोघं त्याच दारातून परत जाणार, हेही त्यांना दिसत होतं. रेवा प्लास्टरचा हात त्यांच्या मांडीवर ठेवून बसली होती.

इन्स्पेक्टरबाई लिहायला लागल्या. सिद्धार्थ बायकोकडे झुकला. आवाज मऊ, तोंडावर तेच दारातलं हसू. बघणाऱ्याला वाटावं, बिचारा धीर देतोय.

"घरी चल आता. इथे तोंड उघडलंस, तर पोरीचा दुसरा हातही मोडीन."

रेवाने मांडीवरचा हात झटकन पाठीमागे लपवला. जो हात चांगला होता, तो.

मामी खुर्चीतून उठल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या की आताचं वाक्य लिहायचं राहिलं. हा बायकोला म्हणाला, घरी चल, मुलीचा दुसरा हातही मोडतो. आणि त्याआधी तिने जे सांगितलं तेही त्याने उलटं सांगितलं. मामींनी ते सुलटं सांगितलं, सकाळपासूनचं, पट्टीसकट, 'तण्णी'सकट.

श्रीरंजनींनी पेन खाली ठेवलं. तुम्हाला ही भाषा कशी येते, त्यांनी विचारलं.

माझी मातृभाषा आहे, मामी म्हणाल्या.

पण तुम्ही तर आमच्याकडच्या.

हो, आम्हाला इकडे येऊन साडेतीनशे वर्षं झाली, मामींनी सांगितलं.

सिद्धार्थचं हसू तोंडावरच राहून गेलं. काढायचं त्याला सुचलं नाही. मग त्याने माधवरावांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि तो मराठीतच म्हणाला, "तुम्हाला मराठी येतं?"

"येतें की. जें पहिल्या दिवशीं दारांत बोलिलास, तेंहि कळिलें. खडूस म्हातारी."

आणि मग तेच झालं ज्याची मामींना भीती होती. सिद्धार्थ हसला. मोकळेपणाने हसला. इन्स्पेक्टरबाईंकडे वळून तो तमिळमध्ये सांगू लागला की मॅडम, हे काही मराठी नव्हे, ही कुठली तरी भेसळ आहे, या बाईंना खरं मराठी कळतच नाही, त्यांचं भाषांतर ग्राह्य कसं धरता? शुद्ध भाषेबद्दल बोलू लागला की त्याला भान राहत नसे, हे मंडळाला माहीत होतं. "आत्ताचंच घ्या," तो अगदी वर्गात शिकवल्यासारखा म्हणाला. "यांनी अर्धं वाक्य गाळलं. 'हात मोडतो' असं मी म्हणालोच नाही. 'तोंड उघडलंस तर मोडीन' असं म्हणालो. त्यात अट होती."

इन्स्पेक्टरबाईंनी चहाचा पेला बाजूला सरकवला.

श्रीरंजनींनी पेन उचललं आणि ते वाक्य अटीसकट लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी त्याला ते पुन्हा एकदा सावकाश म्हणायला सांगितलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. आपण बनवलेल्या भागातला दोष आपल्यालाच सापडावा, असा त्याचा चेहरा झाला.

माधवरावांचा चष्मा स्वच्छ झाला होता. त्यांनी आपली खुर्ची सिद्धार्थपासून हातभर लांब सरकवली आणि घसा खाकरून इन्स्पेक्टरबाईंना सांगितलं की मामी म्हणतात ते बरोबर आहे, मीही ऐकलं. हे त्यांनी पाच मिनिटं आधी सांगितलं असतं तर जास्त शोभलं असतं. पण मंडळाच्या कामात सगळंच थोडं उशिरा होतं.

सिद्धार्थ त्या रात्री घरी आला नाही. पुढे कोर्टाने सांगितलं की फ्लॅटमध्ये आई आणि मुलगी राहतील आणि तो त्या इमारतीच्या आसपास फिरकणार नाही. त्याचे कपडे न्यायला कंपनीतला एक सहकारी आला. बॅग खाली नेताना लिफ्ट बंद पडली होती, आणि शेषाद्री जिन्यात उभे राहून आता मोटरचं काय, असं पुटपुटत होते. मोटर दुरुस्त करणारा माणूस त्यांना त्याच आठवड्यात मिळाला. पैसे घेतो, पण बाकी काही त्रास नाही.

सावनीने कपाटाच्या तळातून आपली फार्मसीची पदवी काढली. आता ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसते, अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात, आणि मोडक्या तमिळमध्ये गिऱ्हाइकांना दिवसातून किती गोळ्या ते सांगते. गिऱ्हाइकं तिची भाषा सुधारतात. ती त्यांचे आभार मानते आणि पुन्हा तीच चूक करते. कुणी पट्टी काढत नाही, याची तिला अजून गंमत वाटते. सासूचे फोन ती उचलत नाही. आई मात्र एकदा सांगलीहून येऊन गेली, मामींच्या घरी बसली, आणि मामींचं बोलणं ऐकून डोळ्याला पदर लावून म्हणाली की आमची पणजी असं बोलायची. मामींना हे पंगतीपेक्षा बरं वाटलं, पणजी जरी केलं तरी.

राघोत्तमरावांनी एक दिवस यंत्र कानात घालून विचारलं की ते अटीचे शब्द तुम्ही मुद्दाम गाळलेत की विसरलात?

"मज कुठें धड मराठी येतें," मामी म्हणाल्या, आणि भेंडी चिरत राहिल्या.

रेवा सगळ्यांत शेवटी वळणावर आली. प्लास्टर निघालं तरी मराठी निघेना. सावनी मराठीत विचारी, रेवा मान हलवून उत्तर देई. डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाई म्हणाल्या की घाई करू नका. मामींनी घाई केली नाही. त्या दुपारी तिला घरी बसवायच्या आणि आपल्या मराठीत राघोत्तमरावांशी बोलत राहायच्या. या मराठीत भाताच्या शेजारी रसम आणि पाण्याच्या शेजारी तण्णी खुशाल नांदत होती, आणि छप्पर काही कोसळत नव्हतं. रेवा रंगकाम करता करता ऐकायची. एकदा तिने तमिळमध्ये विचारलं, पाट्टी, हे चूक आहे ना? मामी म्हणाल्या, चूक तर चूक.

परवा शनिवारी दुपारी अख्खी इमारत डुलक्या घेत असताना डक्टमधून एक आवाज आला. तारस्वरात. "आई, तण्णी संपिलें! मोटर लाव की!"

तीन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. मामींचा विळीवरचा हात थांबला. राघोत्तमराव आतल्या खोलीतून यंत्र कानात बसवत लगबगीने आले आणि काय म्हणाली, काय म्हणाली, असं विचारू लागले. मामींनी खिडकीकडे बोट केलं. पलीकडे सावनी हसत होती की रडत होती, ते कळेना. रेवाला उत्तर मिळालं नाही म्हणून ती पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि मग बहुधा तिला स्वतःचाच आवाज आवडला, कारण काहीही कारण नसताना ती तेच गाण्यासारखं म्हणू लागली.

संध्याकाळी ग्रुपवर शेषाद्रींची सूचना आली, की दुसऱ्या मजल्यावरून दुपारी लहान मुलीचा फार आवाज येतो, विश्रांतीत व्यत्यय येतो, संबंधितांनी दखल घ्यावी.

मामींनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि सगळ्या इमारतीला उद्देशून पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, "येऊं दे की."

ग्रुपवर ते सावनीखेरीज कुणालाच कळलं नाही. मामींनी भाषांतर करून दिलं नाही.